कॉलेजातल्या कंत्राटी कामगारांच्या पगाराचा प्रश्न हाती घेताय? मग हे आधी वाचा

सफाईच्या मावशी, गेटवरचे काका, बागेतले दादा, मेसमध्ये भांडी घासणारी पोरं. बहुतेक कॉलेजांत आणि विद्यापीठांत ही माणसं संस्थेच्या पगारपटावर नसतात, ठेकेदाराची असतात. त्यांना किती पगार मिळतो, हा प्रश्न कधीतरी एखाद्या विद्यार्थ्याला पडतो. आकडा ऐकल्यावर राग येतो, आणि त्या रागात लगेच पोस्टर लागतं, मावशींचा फोटो स्टेटसवर जातो. महिनाअखेरीला त्या मावशी कामावर दिसत नाहीत. ठेकेदाराला कारण द्यावं लागत नाही, 'ब्रेक दिला' एवढं म्हटलं की पुरतं.

मी विद्यार्थी असल्यापासून या कामात आहे. दरवर्षी नवी मुलं तेच प्रश्न घेऊन येतात आणि त्याच जागी अडखळतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सगळं महाराष्ट्रातल्या कॉलेजांना धरून आहे. एक गोष्ट पहिल्यापासून पक्की ठेवा: नोकरी कामगारांची जाणार असते, आपली नाही. म्हणून कधी बोलायचं, किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांनी ठरवायचं. आपण कागद शोधायचे, हिशेब मांडायचा आणि त्यांनी हाक मारली की सोबत उभं राहायचं.

१. आधी ओळख करून घ्या

छापील प्रश्नावली घेऊन जाऊ नका. कागद-पेन दिसलं की माणसं 'सगळं बरं आहे' म्हणतात आणि कामाला लागतात. शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत सोबत चला. सुपरवायझरची फेरी कधी असते ते पाहा आणि ती वेळ टाळा. पहिल्या काही भेटींत पगाराचा विषय काढायचीही गरज नाही, तो आपोआप निघतो.

बायकांशी शक्यतो मुलींनीच बोलावं. कपडे बदलायला खोली नसणं, सुपरवायझरची भाषा, गरोदरपणात काढून टाकणं या गोष्टी मुलांसमोर निघत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही लागू आहे. ती थेट कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं, तुम्ही सांगा.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या मुळाशी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचं काम होतं. कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर शिक्षणाचं काम करता करता त्यांच्या रोजच्या कामाचे प्रश्न पुढे आले आणि बाबा आढावांच्या पुढाकारानं संघटना झाली. ओळखीतून उभं राहिलेलं काम किती टिकतं, ते पाहायचं तर हे उदाहरण अभ्यासा.

नोंदी एकाच वहीत ठेवा. नावांऐवजी क्रमांक लिहा, आणि नावांची यादी एकाच विश्वासू व्यक्तीकडे राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामगाराचं नाव, फोटो किंवा आवाज टाकू नका. ग्रुपमधला स्क्रीनशॉट दुपारपर्यंत ऑफिसात पोचतो.

२. कोण कोणाचा मालक, ते शोधा

कामगाराला विचारलं तर तो सुपरवायझरचं नाव सांगतो. ठेकेदार कंपनीचं नाव त्याला बऱ्याचदा माहीत नसतं, कारण कंपन्या बदलतात आणि माणसं तीच राहतात. गेटपास, गणवेशावरचा शिक्का किंवा बँकेतल्या एन्ट्रीपुढचं नाव पाहा, तिथे कंपनी सापडते.

कायद्याच्या भाषेत ठेकेदार हा नियोक्ता आणि तुमचं कॉलेज किंवा विद्यापीठ हे मुख्य नियोक्ता. 'तो ठेकेदाराचा विषय आहे, आमचा संबंध नाही' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक टेबलावर ऐकवलं जाईल. ते खरं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्येच लिहिलं होतं की ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मुख्य नियोक्त्यानं द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले, पण ही जबाबदारी वेतन संहितेच्या कलम ४३ मध्ये कायम आहे. बोलायला जाताना या कलमाची छापील प्रत सोबत न्या. टेबलापलीकडचा माणूस बहुतेक वेळा ती पहिल्यांदाच वाचत असतो.

संस्था केंद्राची की राज्याची, तेही आताच पाहून ठेवा. आयआयटी किंवा केंद्रीय विद्यापीठ असेल तर किमान वेतनाचे केंद्राचे दर लागू होतात आणि तक्रार केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाते. राज्य विद्यापीठ, अनुदानित किंवा खासगी कॉलेज असेल तर राज्याचे दर आणि राज्याचं कामगार कार्यालय. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज पडून राहतो.

३. मिळायला हवं ते किती?

राज्यात किमान वेतन तीन गोष्टींवर ठरतं: काम कोणत्या उद्योगात मोडतं, तुमचं गाव कोणत्या परिमंडळात येतं आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल. मूळ वेतनात विशेष भत्ता मिळवायचा, आणि हा भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. इथे नवी मुलं हमखास फसतात. इंटरनेटवर सापडलेला जुना तक्ता घेऊन भांडायला जातात आणि ठेकेदाराचा माणूस नवा तक्ता पुढे करतो. ज्या सहामाहीचा पगार तपासताय त्याच सहामाहीचं परिपत्रक कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

सुरक्षा रक्षकांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कायदा आणि सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. गेटवरचे काका मंडळाचे आहेत की खासगी एजन्सीचे, ते आधी विचारा. आणि बारा तासांची ड्युटी असेल तर वरच्या चार तासांचे पैसे दुप्पट दरानं मिळायला हवेत, मग ते कोणाचेही असोत.

४. पगाराची स्लिप आणि पासबुक शेजारी ठेवून वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कामगाराची तयारी असेल तर त्याच्याकडून एवढं पाहायला घ्या, मूळ कागद मात्र त्याच्याच हाती राहू दे:

- बँकेचं पासबुक, निदान वर्षभराच्या एन्ट्री मारून आणलेलं
- पगाराच्या स्लिपा, मिळत असतील तर
- गेटपास किंवा ओळखपत्र, नेमणूकपत्र
- पीएफचा १२ अंकी यूएएन क्रमांक
- ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं कार्ड
- हजेरीचा कोणताही पुरावा: मस्टरचा फोटो, स्वतः डायरीत केलेल्या खुणासुद्धा चालतात

आता एक उदाहरण घेऊ. आकडा हिशेब सोपा जावा म्हणून धरला आहे, तुमच्याकडचा दर वेगळा असेल. समजा, एका मावशींचं मूळ वेतन आणि भत्ता मिळून १४,००० रुपये. त्यातून पीएफचा त्यांचा वाटा १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ईएसआयचा ०.७५ टक्के म्हणजे १०५ कापले जातील. हातात यायला हवेत १२,२१५. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. मावशींच्या स्लिपवर २०० रुपये व्यवसाय कर दिसला तर तिथेच खूण करा.

प्रत्यक्षात खात्यात १०,०८० आले असतील तर? फरक २,१३५ चा. असा फरक दिसला की मी आधी मालकाचा वाटा तपासते. पीएफचे मालकाचे १२ टक्के, म्हणजे १,६८०, आणि ईएसआयचे मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. बेरीज बरोबर २,१३५. ठेकेदारानं स्वतः भरायची रक्कम मावशींच्या पगारातून कापली. हे सरळ बेकायदा आहे, आणि 'पीएफ कापला जातो' एवढंच ऐकलेल्या मावशींना ते कळायला मार्ग नसतो.

कापलेला पैसा पीएफ खात्यात पोचतो का, हे वेगळं तपासावं लागतं. यूएएन आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक असेल तर उमंग अ‍ॅपवर पासबुक दिसतं. मोबाइल क्रमांक सुपरवायझरचाच नोंदवलेला असणं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तसं असेल तर पहिलं काम तो क्रमांक बदलून घेण्याचं.

दुसरी चोरी पासबुकातच दिसते, फक्त बघायची सवय लागते. पगार पूर्ण जमा होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोन-तीन हजार एटीएममधून निघतात. चार-पाच जणांची पासबुकं शेजारी ठेवा: तारीख तीच, रक्कम तीच, एटीएमही तेच. कार्डं सुपरवायझरच्या खिशात असतात किंवा माणसांना रांगेत नेऊन पैसे काढून परत घेतले जातात. एकाच्या पासबुकावरून काही सिद्ध होत नाही. अनेकांच्या सारख्या एन्ट्री ठेवल्या की उत्तर देणं अवघड जातं.

बाकीच्या गोष्टी भराभर पाहा. साप्ताहिक सुट्टीचा खाडा धरतात का? महिन्याच्या किमान वेतनाला २६ नं भागून रोजचा दर निघतो, त्यात सुट्टीचे पैसे आलेले असतात. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत होतो का? गणवेशाचे, झाडूचे, फिनेलचे पैसे कापतात का? दिवाळीला बोनस मिळतो की मिठाईचा पुडा?

आणि वसतिगृहाच्या सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात माणूस उतरवला जात असेल तर हिशेब बाजूला ठेवा आणि ते काम तिथल्या तिथे थांबवायला लावा. हातानं मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे. अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. संस्थेला हा आकडा कळला की यंत्र मागवायला वेळ लागत नाही.

५. माहिती अधिकाराचा अर्ज

कामगाराकडून एक बाजू कळते. संस्था ठेकेदाराला माणशी किती पैसे देते, ही दुसरी. ती माहितीच्या अधिकारातून काढायची, आणि अर्ज विद्यार्थ्याच्या नावानं करायचा, कामगाराच्या नावानं कधीच नाही.

साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि वर 'जन माहिती अधिकारी' असा पत्ता. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. मागायचं ते असं:

- सफाईच्या कामासाठी अमुक वर्षी काढलेलं टेंडर, करारनामा आणि वर्क ऑर्डर यांच्या प्रती
- ठेकेदारानं भरलेल्या दरपत्रकाची प्रत, माणशी वेतनाच्या तपशिलासह
- मागच्या सहा महिन्यांत ठेकेदाराला अदा केलेली बिलं
- बिलांसोबत जोडलेली पीएफ आणि ईएसआयची चलनं
- दरमहा कामावर असलेल्या कामगारांची संख्या

'का' विचारू नका. 'किमान वेतन का दिले जात नाही' या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' असंच उत्तर येतं. नावानिशी पगार मागितलात तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, संख्या आणि दर मागा. बिलात ६० माणसं आणि प्रत्यक्ष कामावर ४० दिसत असतील, तर तुम्हाला पगाराच्या चोरीपेक्षा मोठी गोष्ट सापडली आहे.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, त्याच्या भरवशावर राहू नका. विनाअनुदानित खासगी कॉलेज थेट या कायद्याखाली येत नाही. तिथे कामगार कार्यालयाकडे अर्ज करा, ठेकेदाराच्या परवान्याची कागदपत्रं त्यांच्याकडे असतात.

६. कागद घेऊन कामगारांकडे परत जा

या पायरीवर मुलांची घाई होते. फाइल तयार झाली, पुरावा भक्कम आहे, मग थेट कुलगुरूंकडे जाऊ! थांबा. आधी हिशेब त्यांना समजावून सांगा, कॅम्पसच्या बाहेर, त्यांच्या वस्तीत, त्यांना जमेल त्या वेळी. कोणाचे किती पैसे अडकलेत ते कागदावर मांडा. मग त्यांना आपसात बोलू द्या, तुम्ही खोलीबाहेर गेलात तरी चालेल. 'दिवाळीपर्यंत थांबू, बोनस हातात येऊ दे' असं त्यांनी म्हटलं तर थांबायचं. घरभाडं, पोरांची फी आणि बचत गटाचा हप्ता त्यांना भरायचा असतो.

युनियनचा प्रश्न इथेच येतो. वेतनाच्या फरकाचा दावा कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद आहे ती करू शकते, किंवा निरीक्षक करू शकतो. विद्यार्थी संघटनेला तो हक्क नाही. म्हणून परिसरात प्रामाणिक काम करणारी कामगार संघटना शोधा आणि कामगारांची तिच्याशी गाठ घालून द्या. आधी त्या संघटनेच्या जुन्या सभासदांना भेटा, वर्गणीची पावती मिळते का विचारा. ठेकेदाराशी 'समजून घेणारे' नेतेही असतात.

एक इशारा. जोशात येऊन कामगारांना 'उद्यापासून काम बंद करा' असं सांगू नका. औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकत्र रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. बेकायदा संपाचा ठपका बसला की आधीचा सगळा हिशेब मागे पडतो.

७. निवेदन द्या आणि पोच घ्या

कामगार तयार झाले की पहिलं निवेदन कुलसचिव किंवा प्राचार्यांना. एका पानाचं. मागण्या तीन-चारच आणि मोजता येतील अशा: अमुक महिन्यापासूनचा फरक, स्लिप, एटीएम कार्डं परत, ७ तारखेच्या आत पगार. विद्यार्थ्यांचं आणि कामगारांचं निवेदन वेगवेगळं असावं. विद्यार्थ्यांच्या पत्रात एकाही कामगाराचं नाव नको.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा, साहेबांना देतो' असं सांगून दिलेलं पत्र सापडत नाही. भेट मिळाली तर बोलणं झाल्यावर त्याच दिवशी 'आज ठरल्याप्रमाणे' असं सुरू होणारं ईमेल पाठवा. तोंडी आश्वासनं अशीच कागदावर येतात.

८. कामगार कार्यालय

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार. सोबत हिशेबाचा तक्ता, पासबुकाच्या प्रती आणि निवेदनाची पोच. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून मागचा फरकही मागता येतो. पगार दिला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, कामगारावर नाही. सुनावणीला तारखा पडतात, आणि प्रत्येक तारखेला कामगाराचा एक खाडा जातो. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो खाडा भरून द्यावा. माझ्या मते पोस्टरपेक्षा हा पैसा जास्त उपयोगी पडतो.

अधिकाऱ्यासमोर १९८२ चा एशियाडचा खटला माहीत असू द्या. दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांची स्थिती पाहून पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवलं. न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी. त्याची सुरुवात जागेवर जाऊन केलेल्या पाहणीतून झाली होती.

९. आवाज बाहेर न्यायचा असेल तर

सह्यांची मोहीम सगळ्यात सुरक्षित, आणि तिचं वजन पडतं. वसतिगृहातल्या शेकडो मुलांनी 'आमच्या फीमधून जाणारा पैसा मावशींपर्यंत पोचतो का' असं विचारलं की व्यवस्थापन अस्वस्थ होतं. प्राध्यापक, कार्यालयातले कायम कर्मचारी यांच्याही सह्या घ्या. हार्वर्ड विद्यापीठात २००१ मध्ये विद्यार्थ्यांनी कामगारांच्या पगारवाढीसाठी प्रशासनाच्या इमारतीत २१ दिवस ठिय्या दिला होता. तो मुलांना नेहमी आकर्षक वाटतो, पण त्यामागे बरीच आधीची तयारी होती.

धरणं, मोर्चा ठरलाच तर प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र काढून वाचा, जमावबंदीचा आदेश आहे का पाहा, आणि वकिलाचा फोन नंबर हातावर लिहून ठेवा. शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलं पुढे उभी करू नका, त्यांना हिशेबाचं काम द्या. पत्रकारांशी कामगारांनी बोलायचं की नाही, ते कामगार ठरवतील.

१०. पुढच्या टेंडरवर नजर ठेवा

फरक मिळाला की मुलं पांगतात, आणि सहा महिन्यांनी ठेकेदार बदलतो. नवा ठेकेदार 'माझी माणसं आणतो' म्हणतो, आणि बोलणारे कामगार पहिले बाहेर जातात. नोकरीची सलगता तुटली की ग्रॅच्युइटीही हातची जाते.

म्हणून सध्याचा करार कधी संपतो ते वर्क ऑर्डरवरून काढा आणि त्याच्या तीन महिने आधी संस्थेला लेखी कळवा. नव्या टेंडरमध्ये या अटी मागा: आहेत त्याच कामगारांना चालू ठेवणं, किमान वेतनापेक्षा कमी दराची निविदा थेट बाद करणं, पीएफ-ईएसआयची चलनं नावनिशीवार यादीसह जोडल्याशिवाय बिल न देणं, पगाराची स्लिप मराठीत देणं. ठेकेदारी बंद करून थेट नेमणूक मागणंही अवास्तव नाही. दक्षिण आफ्रिकेत विद्यार्थी आणि कामगार एकत्र आल्यावर केपटाउन आणि विट्स या विद्यापीठांनी २०१५ च्या अखेरीस बाहेरून माणसं घेणं बंद करण्याचं मान्य केलं होतं.

फाइलची एक प्रत युनियनकडे आणि एक तुमच्या मागच्या वर्षाला शिकणाऱ्या दोघा-तिघांकडे द्या. त्यात माहिती अधिकाराची उत्तरं, पोच घेतलेली निवेदनं, दर सहामाहीचं वेतनाचं परिपत्रक आणि करार संपण्याची तारीख हवीच. नव्या मुलांची कामगारांशी ओळख परीक्षेआधीच करून द्या. जूनमध्ये ती एकटी गेली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.